तयारीचा शनिवार

निपाणीच्या आसपासच्या शिवारात तंबाखूची खुडणी सुरू झाली की हवेला एक कडवट, तेलकट वास येतो. घरांवरचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात. पहाटे दव पडते आणि ऊन वर आले की त्या ओल्या पानांतून तो वास हळूहळू उठू लागतो. झाडाला कळी धरू लागली की शेंडा खुडायचा, म्हणजे त्याचे बळ फुलात न जाता पानांत उतरते. मग झाड हट्टाला पेटते आणि प्रत्येक पानाच्या बगलेतून नवा फुटवा काढते. तोही खुडायचा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा त्याच सरीत जायचे आणि पुन्हा खुडायचे. खुडणाऱ्या बायकांच्या बोटांवर काळा चिकट थर बसतो, आणि तो साबणाला दाद देत नाही.

परवा ह्याच वासात बांधावर उभा असताना माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ येऊन पडला. कुठल्याशा मोठ्या शहरातले सभागृह, निळे दिवे, गालाला चिकटवलेला माइक, आणि पांढऱ्या बुटांत व्यासपीठाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारा एक माणूस. तो तंबाखूच्या खुडणीचा दृष्टान्त सांगत होता. त्याच्या मागच्या पडद्यावर तंबाखू म्हणून जे झाड दाखवले होते ते बहुधा पालकाचे असावे. खाली श्रोत्यांनी जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लावली होती.

ह्या फिरत्या धर्मोपदेशकाला आमच्याकडे सगळे ‘ब्रदर’ म्हणत. त्याचे नाव मी लिहीत नाही. त्याने ते पुष्कळ ठिकाणी मोठ्या अक्षरांत लावून ठेवले आहे, त्याला माझ्या हातभाराची गरज नाही. पण तो दृष्टान्त त्याचा नव्हे. तो मी त्याला दिला होता. पाच वर्षांपूर्वी, ह्याच दिवसांत, ह्याच बांधावर.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. चाळीसेक घरे, बहुतेक तंबाखूच्या आणि उसाच्या कामावर वाढलेली. आता कुणी बेळगावात कचेरीत आहे, कुणी पुण्यात. मी हायस्कुलात मराठी शिकवतो आणि गेली अठरा वर्षे मंडळीचा पंच आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असते, भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. त्याच्या आदल्या शनिवारला आम्ही ‘तयारी’ म्हणतो. त्या दिवशी पंचाने घरोघर जायचे आणि उंबऱ्याशी उभे राहून एकच प्रश्न विचारायचा: कुणाविषयी मनात काही आहे का? असेल तर दिवस मावळायच्या आत त्या माणसाकडे जाऊन मिटवायचे. मिटले नाही तर दुसऱ्या दिवशी दोघांनीही भाकर न घेता ताट पुढे सरकवायचे. दुखावणाऱ्यानेही आणि दुखावलेल्यानेही. एकाच भाकरीचे तुकडे तोंड फिरवलेल्या दोघांच्या पोटात गेले तर ती भाकर खोटी पडते, अशी आमच्या जुन्या माणसांची समजूत. कुणी घालून दिली ही रीत, ठाऊक नाही. ती फार देखणी नव्हती. पुष्कळदा ती हास्यास्पद होत असे.

“मार्थाआक्का, कुणाविषयी मनात काही?”

“माझ्या मनात काय न्हाय, मास्तर. माझ्या परड्यात शेजारणीच्या कोंबड्या हायत.”

“मग मिटवा.”

“कोंबड्यास्नी सांगा तुमी. त्या कुठं ऐकत्यात माझं.”

मार्थाआक्का सत्तरीच्या. नवरा लवकर गेला, जन्म खुडणीत गेला, अक्षरओळख नाही. कुरकुर करत त्या जायच्या, दोन घरे पलीकडे जाऊन भांडून यायच्या, आणि त्या भांडणातच कसे कुणास ठाऊक मिटून जायचे. रविवारी दोघी एका बाकावर. चाळीस घरांच्या मंडळीत वैर महिनाभराहून जुने होत नसे.

फक्त एक घर ह्याला अपवाद होते. पंचाचे. पंच सगळ्यांना विचारी. पंचाला कुणी विचारत नसे.

माझे थोरले बंधू, अण्णा, माझ्या घराच्या मागेच राहत. त्यांची मुलगी एस्तेर, माझी रूथ. एस्तेर दोन वर्षांनी मोठी. एस्तेरला बेळगावच्या एका घरातून मागणी आली. माणसे भली, मुलगा शिकलेला. ठरवण्याआधी मुलाचे वडील माझ्याकडे आले, कारण मी मुलीचा काका आणि मंडळीचा पंचही. आमच्यात पंचाचा शब्द म्हणजे दाखल्यावरचा शिक्का. त्यांनी विचारले, “मुलगी कशी आहे?” मी म्हणालो, “गुणाची आहे.” आणि मग थोडा थांबलो. मग म्हणालो, “फक्त तुम्ही नीट विचार करून ठरवा.”

एवढेच. एक अक्षरही खोटे नव्हते. माझा आवाज मृदू आहे, लोक त्याचे कौतुक करतात. त्या थांबण्याने काम केले. आठ महिन्यांनी तीच माणसे रूथसाठी माझ्या दारात आली आणि मी त्यांना पाट मांडून बसवले.

मागणी मोडली तेव्हा अण्णा ओसरीवर तंबाखूच्या पेंढ्या मोजायचे सोडून नुसते बसले होते. मला म्हणाले, “तू पंच हाईस. तुला काय कळलं का रं, का मोडलं?”

मी म्हणालो, “देवाची इच्छा, अण्णा.”

आमच्या मंडळीत खोटी शिकवण ब्रदरने आणली असे सगळे म्हणतात आणि मी मान डोलावतो. पण ती त्याच्याही आधी आली होती. ती अण्णांच्या ओसरीवर मी दिली होती, हळू आवाजात, देवाचे नाव घेऊन.

त्यानंतरची वर्षे मी दर तयारीच्या शनिवारी अण्णांच्या उंबऱ्याशी उभा राहून विचारत असे, “मनात काही आहे का?” अण्णा म्हणत, “न्हाय रं बाबा. तुझ्याबद्दल काय असणार.” एस्तेर आतून चहा आणून देई. मी तो पीत असे. ह्या एका वाक्यापाशी मी कितीदा तरी लिहिता लिहिता थांबलो आहे. मी तो चहा पीत असे.

अशा माणसाच्या दारात ब्रदर आला. आता मला वाटते, तो दुसऱ्या कुणाच्या दारात आलाच नसता. अशा लोकांना नाक असते.

त्याचे वर्णन करायचे तर आधी पांढरे बूट. तंबाखूच्या रानात पांढरे बूट घालून येणारा माणूस मी तेव्हा प्रथम पाहिला. चिखल लागू नये म्हणून तो सरीतून असा चाले की जणू पाण्यावरून चालण्याचा सराव करतो आहे. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी ह्या चार भाषांतले गोड शब्द तेवढे वेचून त्याने स्वतःची एक पाचवी भाषा केली होती, आणि तीत ‘नाही’ म्हणायला शब्दच नव्हता. प्रत्येकाला तो मिठी मारी. मिठी मारताना समोरच्याच्या खांद्यावरून तो पुढची मिठी कुणाला मारायची ते पाहत असे. तो लोभी असता तर बरे झाले असते. लोभी माणूस ओळखता येतो, हाकलता येतो. त्याला हवे होते ते आमचे चेहरे. ऐकताना उजळलेले, ओले, त्याच्याकडे लागलेले चेहरे. ते त्याला जेवणासारखे लागत.

आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आजारपणात मुलीकडे गेले होते. उपदेशाला कुणाला उभे करायचे हे ठरवणे माझ्याकडे होते. वेस राखायला ठेवलेला माणूस मीच. ब्रदरला बांधावरून फिरवताना मी उत्साहाने खुडणी समजावून सांगितली. शेंडा का खुडतात, फुटवे कसे येतात. मी शिक्षक, मला समजावून सांगायचा सोस. त्याने एक कोवळा फुटवा खुडला आणि रुमालाला बोटे पुसत म्हणाला, “वंडरफुल.” पुढच्या रविवारी माझीच खुडणी दृष्टान्त होऊन त्याच्या तोंडून बाहेर पडली.

“तुमचं अपराधीपण हा तो फुटवा आहे. तो तुमचं बळ खातो. क्रूसावर प्रभूनं तो एकदाच खुडला. एकदाच! आता पुन्हा पुन्हा पाप कबूल करता, माफी मागत फिरता, म्हणजे प्रभूचं काम अपुरं राहिलं म्हणता. जुना माणूस मेला. मेलेल्यानं कुणाची माफी मागायची नसते.”

ऐकायला किती सुरेख. आणि किती थोडे खोटे. क्षमा फुकट मिळते हे खरेच आहे, आमच्या विश्वासाचा तो कणाच आहे. त्याने कणा ठेवला आणि पाय कापले. क्षमा मिळाली म्हणून उठून भावाकडे जायचे असते. त्याने सांगितले, क्षमा मिळाली, आता बसून राहा. विषात नव्वद भाग दूध होते, म्हणून ते घशाखाली उतरले.

आणि आम्ही! ब्रदरची कीव करता येते, पण आमची कुठल्या तोंडाने करू? त्या बाकांवर बसलेला प्रत्येक माणूस त्याच आठवड्यात रानातून आलेला होता. एकाच सरीत चार-चार वेळा जाणारी ही माणसे. खुडलेला फुटवा दहा दिवसांत परत येतो हे ज्यांच्या कंबरेला ठाऊक आहे, ती माणसे ‘एकदाच खुडला’ ऐकून डोळे पुसत होती. शहरातल्या लोकांनी मान डोलावली असती तर समजू शकलो असतो. तंबाखू पिकवणाऱ्यांनी तंबाखूच्या दृष्टान्ताला फसावे, हा मूर्खपणा फक्त आम्हालाच जमण्याजोगा होता. सगळ्यांत जोरात मान मी डोलावली. माझ्या छातीवरचा दगड कुणीतरी शास्त्राच्या आधाराने उचलत होता. मी कशाला विचारू, शास्त्र नीट वाचले का?

एकट्या मार्थाआक्का चर्चच्या पायरीवर बसून चप्पल शोधता शोधता म्हणाल्या, “एकदा खुडून भागतंय व्हय? ह्या बाबाला एक दिस रानात धाडा माझ्यासंगट.”

मी म्हणालो, “आक्का, तो आत्मिक अर्थानं बोलतो.”

“असंल. मला आत्मिक रान म्हाईत न्हाय. मला आपलं हेच म्हाईत हाय.” आणि त्यांनी काळी बोटे माझ्यापुढे धरली.

लोक हसले. मीही हसलो. अशिक्षित बाईच्या भाबडेपणावर शिकलेला माणूस जसा सांभाळून हसतो, तसा. त्या हसण्याची मला आज शिसारी येते.

तयारीचा शनिवार बंद करायचा ठराव मीच मांडला. “जुनी, बंधनात ठेवणारी रीत” असे शब्द वापरले. ब्रदरने मला मिठी मारली. पहिले काही महिने फार मोकळे वाटले. टाळ्या वाढल्या, गाणी वाढली, नाताळात चर्चवर इतकी रोषणाई केली की चिक्कोडी रस्त्यावरून दिसावी. शनिवारी दुपारी मी झोपू लागलो.

नंतर बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. कोंबड्यांचे भांडण कुंपणाचे झाले आणि कुंपणाचे कोर्टाचे. पूर्वी ज्या गोष्टी परड्यात मिटत त्यांच्या तारखा पडू लागल्या. दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या दारांनी चर्चमध्ये येऊ लागले आणि दोघेही भाकर घेत, हात उंचावून, डोळे मिटून. कुणाला काही विचारले तर उत्तर तयार असे: “माझं देवासंगट मिटलंय.” हे वाक्य मी तीन वर्षांत इतक्यांदा ऐकले की देव म्हणजे माणसांना टाळण्यासाठी बांधलेली एक भिंत असावी असे वाटू लागले. मीही त्याच भिंतीच्या सावलीत बसलेला होतो.

त्या तीन वर्षांतल्या दुसऱ्या खुडणीच्या हंगामात अण्णा गेले. आठ दिवस पडून होते. मी रोज जाऊन उशाशी बसत असे, प्रार्थना करत असे, माझ्या मृदू आवाजात. सांगायला आठ दिवस होते. एका दुपारी आम्ही दोघेच होतो. अण्णांनी माझा हात धरला होता आणि बाहेर रानातून तो वास येत होता. ओठांपर्यंत आले. मग मला ब्रदरचे वाक्य आठवले, मेलेल्याने माफी मागायची नसते, आणि मी गप्प राहिलो. मरत अण्णा होते. मेलेला म्हणवून घेत मी होतो.

ब्रदर पुढे मोठ्या शहरात गेला. आमचे चेहरे उजळायचे थांबले असावेत. जाताना त्याने सगळ्यांना मिठ्या मारल्या. त्याला खोटे ठरवायला मग पुष्कळ जण पुढे आले. गेलेल्या माणसाच्या शिकवणीवर टीका करणे सोपे असते. मीही एक लांबलचक टिपण वाचून दाखवले. त्यात शास्त्रातले आधार होते, वाक्ये घोटीव होती. माझ्याविषयी त्यात एक ओळ नव्हती.

परत आलेल्या पाळकांनी तयारीची रीत पुन्हा सुरू करू म्हटले. गेल्या ऑगस्टची गोष्ट. शनिवारी मी फेरीसाठी सदरा घालत होतो तेवढ्यात दारात मार्थाआक्का. हातात काठी, डोक्यावरून पदर.

“मास्तर, तुमच्या मनात काय हाय का?”

मी म्हणालो, “आक्का, मीच निघालोय विचारायला.”

“ते ठावं हाय मला. पर तुमाला कोण इचारतंय? इतकी वर्सं कुणी इचारलं न्हाय, म्हणून म्हणलं आपणच जावं.”

त्यांना काही माहीत नव्हते. मी खूप पारखून पाहिले आहे, त्यांना खरोखर काही माहीत नव्हते. त्या रीतीतली एक फट त्यांना दिसली होती, आणि ती बुजवायला त्या काठी टेकत आल्या होत्या. विश्वासाचे रक्षण मी कायम टिपणे लिहून करत आलो. त्यांनी ते दारात उभे राहून केले. मी सदरा तसाच घालून सदलग्याची बस धरली.

एस्तेर सदलग्यात शिवणकाम करते. बेळगावकरांनी नाकारलेली, हे तिला चिकटले आणि पुढची स्थळे आलीच नाहीत. तिचे स्वतःचे दुकान आहे, दोन मशीन. मी पोचलो तेव्हा ती एका परकराचे कापड बेतत होती. मी उभ्या उभ्याच सांगितले. त्या थांबण्यापासून उशाशी गप्प बसण्यापर्यंत सगळे. तिची कात्री चालूच राहिली. कापड सरळ कापले गेले. मग तिने कात्री ठेवली.

“रूथला म्हाईत हाय?”

“नाही.”

“सांगू नका तिला. तिनं काय केलंय.”

मी मान हलवली. कापडाची घडी घालत ती म्हणाली, “मग मला का सांगितलं, काका?”

“मनात ठेवून भाकर घेववेना.”

“म्हंजे तुमची भाकर मोकळी व्हावी म्हणून.”

ब्रदरच्या तीन वर्षांतल्या सगळ्या उपदेशांचे माप तिने एका वाक्यात घेतले होते, आणि ते माझ्या अंगाला बरोबर बसत होते.

“आज सकाळपतोर माझं मन साफ हुतं,” ती म्हणाली. “आता न्हाय. उद्या माझ्यानं घेववणार न्हाय. आणि तुमीबी घेऊ नका. रीत तुमीच शिकवलीया आमाला.”

दुसऱ्या दिवशी मी पाळकांना सांगितले, ताट दुसऱ्या कुणाकडे द्या. अठरा वर्षे भाकरीचे ताट मी बाकाबाकांतून फिरवत आलो. त्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसलो. माना वळल्या. बायकांच्या बाजूला एस्तेरपाशी ताट आले, तिने ते दोन्ही हातांनी धरून शेजारणीकडे दिले. मग ते माझ्याकडे आले. मीही पुढे दिले.

माझ्या पश्चात्तापाची पारख मी रोज करतो आणि तो रोज भेसळीचा निघतो. झाले ते झाले नसते तर बरे, असे मला मनापासून म्हणता येत नाही. रूथची दोन मुले सुट्टीत येतात, माझ्या अंगाखांद्यावर खेळतात. जे हिसकावून घेतले ते परत करायची माझी तयारी नाही, आणि क्षमा मात्र हवी आहे. ब्रदरला मी ज्या शब्दांनी हिणवतो त्यांतला एकही मला स्वतःसाठी जादा वाटत नाही. तो निदान परक्यांना फसवत होता.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. परवाच्या पहिल्या रविवारी ताट चौथ्यांदा आमच्या दोघांच्या हातांतून पुढे गेले. उपासना संपल्यावर एस्तेर चर्चच्या आवारात माझ्यापाशी येऊन थांबली. तिची बस यायला अवकाश होता.

“काका, तुमी घेत जावा की आता,” ती म्हणाली. “माझं ऱ्हाऊ दे. सगळी इचारत्यात, मास्तर का मागं बसत्यात म्हणून. मला बरं वाटत न्हाय. पाळकास्नी मी सांगतो तसं.”

खोटे सांगत नाही, मन चटकन पुढे झाले. ती स्वतःच म्हणते आहे, मग तुझे काय जाते? आतून कुणीतरी पांढऱ्या बुटांनी दोन पावले पुढे टाकली आणि मिठी मारायला हात पसरले. तो आवाज मी ओळखला. तो फार मृदू होता. तो माझाच होता.

“तुझं मिटलंय का?” मी विचारले.

तिने रस्त्याकडे पाहिले. “न्हाय.”

“मग मी कसा घेऊ?”

“लई दिस लागतील, काका. मिटंल का न्हाय तेबी म्हाईत न्हाय मला.”

“लागू देत.”

बस आली. गर्दी होती, तिला जागा मिळाली नाही. दांडीला धरून ती उभी राहिली. बस वळेपर्यंत मी तिथेच उभा होतो. तिने मागे पाहिले नाही, आणि तिने पाहावे असे मला वाटले तेही मी मनातल्या मनात मागे घेतले.